बेसबॉल सॅव्हंट: पिचरला करोडो डॉलर द्यायच्या आधी बघायलाच हवी अशी साइट, पण कोपराच्या आतलं तिला दिसत नाही

हिवाळा लागला की मेजर लीग बेसबॉलमध्ये एकच बाजार तापतो, फ्री एजंट पिचरांचा, म्हणजे जुना करार संपून कुठल्याही टीमकडे जायला मोकळे झालेल्या, बॉल टाकणाऱ्या खेळाडूंचा. कोणाला किती वर्षांचा करार, किती कोटी डॉलर, आणि बातमी येऊन पाच मिनिटं होत नाहीत तोवर प्रत्येक फॅनचं मत तयार. मी अशा वेळी सगळ्यात आधी बेसबॉल सॅव्हंट उघडते. हा रिव्ह्यू पूर्ण साइटचा नाहीये, एकाच कामापुरता आहे: एखाद्या पिचरला लांबलचक करार देण्यात धोका किती, हे या साइटवरून कळतं का? माझं उत्तर असं की त्याचा खेळ कुठून कुठे चाललाय ते फार छान कळतं, हात किती टिकेल ते कळत नाही. आणि पैसे दोन्हीकडून बुडतात.

ज्यांनी बघितलीच नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात. साइट मेजर लीगचीच आहे, फुकट आहे, लॉगिन वगैरे काही लागत नाही. 2015 पासून सगळ्या मैदानांवर स्टॅटकास्ट नावाची यंत्रणा बसवलीय, आधी रडार होतं, 2020 पासून हॉक-आयचे कॅमेरे आहेत, टेनिसमध्ये लाइन कॉलला असतात तेच. प्रत्येक बॉलचा वेग, स्पिन, किती वळला, हातातून कुठल्या उंचीवरून सुटला, सगळं मोजलं जातं आणि ते सगळं इथे बघायला मिळतं. सिरियसली सांगते, एवढा डेटा फुकट मिळतो याचं मला अजूनही अप्रूप आहे.

आता पिचरच्या बाबतीत एवढी चिकित्सा का, तर मेजर लीगचे करार गॅरंटीड असतात. पिचर खेळो न खेळो, पैसे द्यावेच लागतात. सॅलरी कॅप, म्हणजे टीमच्या एकूण पगारावर पक्की मर्यादा, नाही हे खरं, पण लक्झरी टॅक्स आहे, एकूण पगार ठरलेल्या आकड्याच्या वर गेला की भरावा लागणारा (2025 मध्ये त्याची पहिली मर्यादा 24.1 कोटी डॉलर होती) आणि त्यात कराराची वार्षिक सरासरी धरली जाते, मग तो माणूस मैदानात असो नाहीतर ऑपरेशन टेबलवर. स्टीफन स्ट्रासबर्गचं उदाहरण सगळे देतात, पण ते द्यावंच लागतं. 2019 च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे मेजर लीगच्या फायनलचा, एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू), त्याच डिसेंबरमध्ये वॉशिंग्टन नॅशनल्सने 7 वर्षं 24.5 कोटी डॉलर दिले, आणि त्यानंतर तो एकूण 8 मॅच खेळला. आठ! आधी मनगटाच्या नसेचा त्रास, मग खांद्याजवळच्या नसा दबण्याचा आजार, त्याचं ऑपरेशन, आणि 2024 मध्ये रिटायर. यात त्याची काहीही चूक नाही, त्याला खेळायचंच होतं. पण टीमचे पैसे गेले ते गेलेच.

सॅव्हंटवर पिचरचं पान उघडलं की आधी दिसतात लाल-निळे गोळे, म्हणजे पर्सेंटाइल. लाल म्हणजे लीगमध्ये वरचा, निळा म्हणजे खालचा. फास्टबॉलचा वेग, बॅटर किती वेळा हुकतात, किती वॉक देतो (चार चुकीचे बॉल टाकून बॅटरला फुकट बेस), मार किती जोरात बसतो वगैरे. सोशल मीडियावर करार झाला की याच चित्राचा स्क्रीनशॉट फिरतो, आणि माझी खरी तक्रार इथेच आहे. हे गोळे फक्त एका सीझनचे असतात. त्यात वय नाही, किती इनिंग टाकल्या (तीन आउटची एक इनिंग) त्याचा भार नाही, आणि ते इतर पिचरांच्या तुलनेत असतं, म्हणजे पूर्ण लीगचा वेग वाढला तर तुमचा पिचर आहे तिथेच असूनही त्याचा गोळा निळ्याकडे सरकणार. कार्लोस रोडॉनचं 2022 चं पान बघा, जायंट्सकडून 31 मॅच, 237 स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकमध्ये बॅटर बाद), पान बघून कोणीही भुलेल. यांकीजनी 6 वर्षं 16.2 कोटी दिले. पुढच्याच वर्षी फोरआर्म, पाठ, एकामागून एक दुखणी, 14 मॅच आणि ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेले रन, कमी तेवढा चांगला) 6.85. बरं, त्याची टॉमी जॉन (कोपराचं फाटलेलं लिगामेंट बदलायचं ऑपरेशन) 2019 मध्ये झालेली, त्याआधी खांद्याचं ऑपरेशन, आणि एकाच वर्षात 165 इनिंगच्या पुढे तो 2022 पर्यंत कधी गेलाच नव्हता. हे त्या गोळ्यांमध्ये कुठेच नाही. पुढे 2024 आणि 2025 मध्ये तो चांगला खेळला हेही सांगायला हवं, पण 2025 संपल्यावर परत कोपराचं ऑपरेशन.

म्हणून माझं म्हणणं, गोळे बघा आणि लगेच खाली स्क्रोल करा. खरा खजिना खाली आहे, वर्षानुवर्षांचा तक्ता आणि ग्राफ. कुठला बॉल किती टक्के टाकला, त्याचा वेग किती, त्यावर बॅटर किती हुकले, सगळं वर्षवार. प्रत्येक बॉलला वेगळा रंग, फोर-सीमर (सरळ फास्टबॉल) लाल, स्लायडर (बाजूला आणि खाली वळणारा) पिवळा, सिंकर (खाली बुडणारा फास्टबॉल) नारिंगी. सवय झाली की पिचरची पूर्ण करिअर त्या रेषांमध्ये दिसते.

पॅट्रिक कॉर्बिन घ्या. 2018 मध्ये अॅरिझोनाकडून झकास सीझन, 40 टक्क्यांच्या आसपास नुसते स्लायडर, नॅशनल्सने 6 वर्षं 14 कोटी दिले. पहिल्या वर्षी पैसे वसूल, 2019 च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या मॅचमध्ये मधल्या इनिंग टाकून विजय त्याच्या नावावर. आणि 2020 मध्ये फास्टबॉलचा वेग दीड मैलाने उतरला. दीड मैल म्हणजे काय एवढं असं वाटतं, पण त्याची पूर्ण दुकानदारी फास्टबॉल आणि स्लायडर या दोनच बॉलवर होती. फास्टबॉलची भीती गेली की बॅटर थांबून खेळतो, खाली पडणाऱ्या स्लायडरला हातच लावत नाही. 2021 मध्ये त्याच्या नावावर 16 पराभव, 2022 मध्ये 19, दोन्ही वर्षी नॅशनल लीगमध्ये सर्वात जास्त. आणि हा माणूस त्या पूर्ण काळात जवळजवळ कधीच जखमी नव्हता, दर पाचव्या दिवशी हजर! तब्येत ठणठणीत म्हणजे करार सेफ असं जे म्हणतात ना, त्यांनी कॉर्बिनचं पान एकदा शांतपणे बघावं. या कामात सॅव्हंटला तोड नाही. दोन बॉलवर चालणारा पिचर, वय तिशीकडे, आणि वेगाची रेषा खाली वळलेली, हे तिन्ही एकत्र दिसलं की मी तरी पाच-सहा वर्षांच्या कराराला नाहीच म्हणेन.

उलटं पण आहे, आणि ते जास्त फसवं आहे. रेषा वर जात असली तरी घाबरायचं. जेकब डिग्रॉमचा फास्टबॉल वय वाढेल तसा वेगवान होत गेला, 2021 मध्ये सरासरी ताशी 99 मैल, म्हणजे 160 किलोमीटरच्या आसपास, वय 33. ग्राफ बघून अंगावर काटा येतो इतकं सुंदर. पण 2021 मध्ये 15 मॅच, 2022 मध्ये 11. रेंजर्सनी 5 वर्षं 18.5 कोटी दिले, 2023 मध्ये 6 मॅच खेळला आणि दुसऱ्यांदा टॉमी जॉन. रेंजर्स त्या वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकले पण त्याच्याशिवाय. पिचिंगमध्ये हात कोपरात वाकून मग झटक्याने सरळ होतो, क्रिकेटच्या बॉलिंगसारखं नाही, आणि त्या झटक्याचा ताण कोपराच्या आतल्या बाजूच्या लिगामेंटवर येतो, वेग वाढवला की ताण वाढला. मेजर लीगने स्वतः डिसेंबर 2024 मध्ये पिचरांच्या दुखापतींवर रिपोर्ट काढला, त्यातही वेगाच्या मागे धावणं आणि प्रत्येक बॉल पूर्ण जोर लावून टाकणं यावरच बोट ठेवलंय. डिग्रॉम 2025 मध्ये 30 मॅच खेळला, ईआरए 2.97, मनापासून आनंद झाला मला, असा पिचर बघायला मिळणं हे भाग्य आहे. पण टीमच्या हिशोबाने बघाल तर पहिली दोन वर्षं मिळून 9 मॅच.

आणि मग कॉर्बिन बर्न्स, ज्याच्यामुळे मला हा रिव्ह्यू लिहावासा वाटला. त्याच्या पानावर स्ट्राइकआउटचा आकडा दरवर्षी उतरताना सरळ दिसतो, 2021 मध्ये 35.6 टक्के, मग 30.5, मग 25.5, 2024 मध्ये 23.1. म्हणजे साइट ओरडून सांगत होती की धार कमी होतेय. त्याच वेळी सलग तीन वर्षं 32-33 मॅच, म्हणून सगळे म्हणत होते की निदान टिकाऊ तरी आहे. अॅरिझोनाने 6 वर्षं 21 कोटी दिले. आणि झालं काय, तर 2025 मध्ये 11 मॅच मस्त टाकल्या, ईआरए 2.66, आणि जूनमध्ये टॉमी जॉन. जिथे धोका दिसत होता तिथे काही झालं नाही, जिथे सगळे निश्चिंत होते तिथे मोडलं. गेरिट कोलचंही थोडंफार तेच, 9 वर्षं 32.4 कोटी, 2023 मध्ये साय यंग (वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार), वर्षानुवर्षं घोड्यासारखा राबणारा, आणि 2025 चा पूर्ण सीझन टॉमी जॉनमुळे बाहेर.

त्यामुळे ही साइट एकटी वापरू नका. एमआरआय रिपोर्ट टीमच्या डॉक्टरकडेच असतो, तो आपल्याला कधीच दिसणार नाही, पण इंज्युर्ड लिस्टचा इतिहास दिसतो, फॅनग्राफ्स या आकडेवारीच्या साइटवर त्याचं वेगळं पान आहे. करार कसा बांधलाय ते स्पॉट्रॅक या करारांच्या साइटवर बघा, कारण धोका नुसत्या पिचरमध्ये नसतो, कागदावरही असतो. रेड सॉक्सनी 2009 च्या डिसेंबरमध्ये जॉन लॅकीला 5 वर्षं 8.25 कोटी दिले तेव्हा कोपराबद्दल शंका होती, म्हणून करारात अट घातली की कोपराच्या ऑपरेशनमुळे मोठी रजा पडली तर सहावं वर्ष लीगच्या किमान पगारावर. झालंच ऑपरेशन, 2012 पूर्ण गेलं, पण 2013 ची वर्ल्ड सिरीज जिंकून देणारी मॅच त्याने टाकली, आणि ते स्वस्तातलं सहावं वर्ष ट्रेडमध्ये कार्डिनल्सच्या पदरात पडलं, 218 इनिंग आणि 2.77 ईआरए. शाबास त्या वकिलाची! मॅक्स शर्झरला नॅशनल्सने दिलेले 21 कोटी पण असेच, निम्मे पैसे नंतरच्या वर्षांत द्यायचे ठरले, आणि त्याने तर दोन साय यंग आणि एक वर्ल्ड सिरीज देऊन पै न पै फेडली. म्हणजे पिचरला मोठा करार देणं हा मूर्खपणाच असतो असं अजिबात नाही, 2025 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये पिचर यामामोटोने डॉजर्ससाठी जे केलं ते बघून 12 वर्षं 32.5 कोटीवर कोण हसेल.

वापरायला साइट मोबाइलवर जरा अवघड आहे, तक्ते रुंद असतात, डेस्कटॉपवरच बघा. स्टॅटकास्ट सर्च नावाचं पान नवीन माणसाला अंगावर आल्यासारखं वाटेल, इतके फिल्टर आहेत, पण एक गोष्ट शिकून घ्याच: तारखेचा फिल्टर लावून एप्रिल-मेचा वेग आणि ऑगस्ट-सप्टेंबरचा वेग शेजारी ठेवायचा. साधारणपणे ऊन वाढलं की वेग वाढतो, ज्याचा उलटा उतरतो त्याच्याबद्दल प्रश्न विचारायला हवा. सोबत हात कुठल्या कोनातून येतो तो आर्म अँगल पण बघा, 2020 पासूनचा मिळतो, तो अचानक खाली आला असेल तर कधी कधी मुद्दाम केलेला बदल असतो आणि कधी कधी खांदा दुखतोय म्हणून.

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा कापला तो गोळ्यांसाठी, सगळ्यात वर, सगळ्यात मोठ्या अक्षरात एकाच सीझनचं चित्र ठेवलंय आणि तेच सगळीकडे फिरतं. निदान पिचरांच्या पानावर तीन वर्षांच्या इनिंग तिथेच शेजारी द्या, आणि वेगाच्या ग्राफवर तो इंज्युर्ड लिस्टवर होता ते महिने राखाडी करून दाखवा, डेटा तर सगळा लीगकडेच आहे.