क्लासिक्सची पदवी: भाषांची वाट की संस्कृतीची?

अमेरिकेतील लिबरल आर्ट्स कॉलेजात (मुख्यतः पदवीपर्यंतचे, अनेक विषयांचे व्यापक शिक्षण देणाऱ्या, बहुधा लहान कॉलेजात) क्लासिक्स, म्हणजे प्राचीन ग्रीस आणि रोम यांचा अभ्यास, करू इच्छिणाऱ्यापुढे बहुधा दोन वाटा असतात. एकीत ग्रीक-लॅटिन ग्रंथ मुळातून वाचायचे असतात. दुसरीत, जिला अनेक ठिकाणी ‘क्लासिकल सिव्हिलायझेशन’ म्हणतात, इतिहास, कला, पुरातत्त्व आणि तत्त्वज्ञान मुख्यतः अनुवादांच्या आधारे शिकायचे असते. मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, सहसा दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस जाहीर करायचा असल्याने घाई नाही असे वाटते. परंतु नुसते व्याकरण पुरे व्हायलाच दोन-तीन सेमिस्टर जातात, आणि लहान विभागात प्राथमिक ग्रीकचा वर्ग दरवर्षी उघडेलच असे नाही, म्हणून भाषेपुरता निर्णय पहिल्याच वर्षी घेतलेला बरा.

भाषेच्या वरच्या वर्गात अनेकदा पाच-सहाच विद्यार्थी असतात. ज्याच्या वाट्याला वाक्य येते त्याने आधी क्रियापद शोधायचे, मग प्रत्यय पाहून कर्ता आणि कर्म ठरवायचे, चार शब्द पलीकडे पडलेले विशेषण नेमके कोणत्या नामाचे ते दाखवायचे आणि त्यानंतरच अर्थाला हात घालायचा. तयारी न करता आलेल्याला लपायला जागा नसते, आणि माझ्या मते लहान कॉलेजात हा विषय घेण्याचे सर्वांत सबळ कारण हेच आहे.

संस्कृतीच्या वाटेवर जीवशास्त्र किंवा अर्थशास्त्र हा दुसरा मेजर तुलनेने सहज बसतो. उणीव एवढीच की युक्तिवाद शब्दाच्या छटेवर येऊन ठेपला की अनुवादकाच्या भरवशावर राहावे लागते.

पुढे पीएचडी करायची असेल तर मात्र फारसा पर्याय उरत नाही: दोन्ही प्राचीन भाषांची भक्कम तयारी अपेक्षित असते आणि पुढे जर्मन, फ्रेंच किंवा इटालियन वाचता येणेही लागते. प्रिन्स्टन विद्यापीठाने 2021 मध्ये क्लासिक्सच्या पदवीसाठी ग्रीक किंवा लॅटिनची सक्ती काढली, तरी त्यामुळे ही अपेक्षा सैल झालेली नाही. राहिलेली भाषा पदवीनंतरच्या खास अभ्यासक्रमात भरून काढता येते, पण त्यात एखादे वर्ष आणि शुल्क दोन्ही जातात. कायदा किंवा प्रकाशनव्यवसाय मनात असेल तर वाट कोणती होती हे सहसा कोणी विचारत नाही.

प्रवेश घेण्यापूर्वी विभागाकडे गेल्या तीन वर्षांचे वेळापत्रक मागावे आणि ग्रीकचे वरचे वर्ग खरोखर किती वेळा भरले, तसेच तीन-चार प्राध्यापकांपैकी एक रजेवर गेल्यास ते कोण घेते, हे स्पष्ट विचारावे.