रोज एक पान: आठ महिन्यांचा हिशेब

जानेवारीत पुतण्यानं हे रोज पान फाडायचं कॅलेंडर आणून दिलं. पुढं तारीख-तिथी, मागं भाषा, इतिहास नाहीतर सणवाराबद्दल शंभरेक शब्द. किंमत साडेतीनशे. चाळीसगावात माझं किराणा दुकान आहे. गल्ल्यामागच्या खिळ्याला टांगलं, ते सप्टेंबर लागला तरी तिथंच आहे.

वस्तूबद्दल आधी उरकतो. छपाई ठळक, चष्मा न लावता वाचता येते. कागद जाड. डिंक मात्र आमच्या उन्हाळ्याचा विचार करून लावलेला नाही. मेच्या एका दुपारी अख्खा जून सुटून तूरडाळीच्या कट्ट्यात पडला, तेव्हापासून काळ्या चिमट्यात धरलाय. दुसरं गाऱ्हाणं असं की जुन्या कॅलेंडरचं पान मागून कोरं असायचं, त्यावर गिऱ्हाइकाची यादी लिहिता यायची. ती सोय गेली.

पहिला महिना मी नुसतं वाचायचो आणि संध्याकाळपर्यंत विसरायचो. मग फेब्रुवारीत 'केणे' हा शब्द आला. केणे म्हणजे विक्रीचा माल. उदाहरण कुठलं, तर चाळीसगावजवळच्या आमच्याच पाटण्याच्या शिलालेखातलं! शके ११२८ चा लेख. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी पाटण्याला मठ काढला आणि तिथल्या निकुंभ राजांनी त्याला उत्पन्न लावून दिलं, हे त्यात कोरलंय. लेख बहुतेक संस्कृतात, पण देणग्यांची यादी येते तिथं मराठी सुरू होते: 'इयां पाटणीं जें केणें उघटे'. या पाटण्यात जो माल विकायला सुटेल त्यावरचा राजाचा हिस्सा मठाला दिला, असा मतलब.

मी गिऱ्हाईक थांबवून ते पान दोनदा वाचलं. मोठमोठ्या गोष्टी संस्कृतात आणि बाजाराचा व्यवहार मराठीत, कारण तो व्यापाऱ्याला कळायला हवा. आठशे वर्षांपूर्वी माझ्यासारखाच कुणीतरी माल उघडून बसला असणार आणि वसुलीवाला येताना दिसला की तोंड वाकडं करत असणार. आम्ही आज बाजार समितीला सेस भरतो, त्यातून कुणी गणित शिकल्याचं अजून तरी ऐकलेलं नाही.

पाटणादेवी आमच्यापासून १८ किलोमीटर. शाळेच्या सहलीत गेलो होतो. केदारकुंड बघितलं, डबा खाल्ला, माकडांनी एकाची चप्पल पळवली, परत आलो. शिलालेखाचं नावही कुणी काढलं नव्हतं. त्या रविवारी मुलीला गाडीवर बसवून पुन्हा गेलो. हे एक पान साडेतीनशेत मिळालं असं धरलं, तरी बाकीची पानं फुकटात पडली.

असं रोज होत नाही, हेही सांगतो. इतिहासाची पानं पुणे, सातारा, रायगड यांच्याच आसपास फिरतात. आठ महिन्यांत खानदेशाच्या वाट्याला अकरा पानं आली, मोजलीत. त्यातलं असीरगडाचं बरं होतं. १६०१ मध्ये अकबरानं किल्ला घेतला, फारुकींचं राज्य बुडालं आणि मुलगा दानियाल याच्या नावावरून खानदेशाचं नाव 'दानदेश' ठेवलं. ते नाव काही टिकलं नाही. मुलगी दोन दिवस मला 'दानदेशी पप्पा' म्हणत होती.

भाषेची पानं लिहिणारा माणूस मात्र तापीकाठी कधी आला नसावा. 'वावर' हा शब्द त्यानं 'विस्मरणात चाललेले शब्द' या मथळ्याखाली घातलाय. आमच्याकडं तो शब्द न वापरता कुणी दिवस काढून दाखवावा. सकाळी दुकान उघडल्यावर पहिलं गिऱ्हाईकच सांगतं, वावरात चाललो, लवकर तोला.

खरी जुंपली ती २४ ऑगस्टला. बहिणाबाईंचा जन्म आसोद्याचा, १८८० चा, इथवर ठीक. पुढं लिहिलं होतं की त्यांची कविता अहिराणीत आहे. आमच्या आईची बोली अहिराणी, बायकोचं माहेर भुसावळकडचं, घरात लेवा बोली. बायको पोळी लाटता लाटता बाहेर आली, "अहिराणी कुठली? ती आमची बोली. 'आहे'ला तुम्ही 'शे' म्हणता, ते एका ओळीत तरी दाखवा!" आई गप्प बसली, म्हणजे बायकोचं बरोबर होतं. चूक तशी जुनीच, खूप जण करतात. पण जी वस्तू रोज भाषा शिकवायला निघालीय तिनं करू नये. मी प्रकाशकांना कळवलं, उत्तर आलेलं नाही.

आता आईचं. तिला वाचायला अडखळतं, म्हणून रात्री जेवताना पान मीच वाचतो. श्रावणात आमच्या खानदेशच्या कानबाई देवीचं पान आलं. नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते, सोमवारी विसर्जन, हे नीट दिलं होतं. शेवटी मात्र 'रोटांचा प्रसाद सर्वांना वाटतात' असं वाक्य. आईचा घास हातातच राहिला. "हाई कोणी लिखेल शे? रोट बाहेरना माणूसले देतस नही!" नैवेद्याचे हे कणकेचे रोट भाऊबंदांनीच संपवायचे असतात. मग सव्वाच्या मापानं दळण कसं काढायचं, तिच्या सासूबाईंच्या काळी किती घरं एकत्र यायची, एका वर्षी रोट उरले तेव्हा काय धावपळ झाली, हे सगळं तासभर चाललं. ते मी पेन्सिलीनं पानाच्या कडेला लिहीत गेलो, कडा पुरली नाही म्हणून उधारीच्या वहीचं मागचं पान घेतलं. चूक नसती तर तिनं 'हां' म्हटलं असतं आणि ताट उचललं असतं.

म्हणून पाचपैकी साडेतीन देतो. डिंकाचा अर्धा कापला, 'वावर' आणि बहिणाबाईंचा मिळून एक. रोटांचे कापत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा घेणार आहे, फक्त आधीच चिमटा लावून टांगीन. ज्यांच्या घरात बोलणारं म्हातारं माणूस आहे त्यांनी जरूर घ्यावं. एकट्यानं वाचायचं असेल तर महिन्यात चार-पाच पानं कामाची निघतील, बाकीची फाडून टाकाल.

परवा आईनं विचारलं, गुलाबाईचं पान कधी येतंय. मी पुढं चाळून बघितलं. भोंडला आहे, हादगा आहे, गुलाबाई नाही. तिला अजून सांगितलेलं नाही.