पार्किन्सनचा क्लेम 'करून देणारे' आणि पाचपट फीचा करार

"व्हिएतनामला होतात ना? पार्किन्सन आहे? मग क्लेम आम्ही करून देतो. आधी एक डॉलरही नको, रेटिंग मिळालं तरच फी." अमेरिकेतल्या माजी सैनिकांना असे फोन येतात. क्लेम म्हणजे सैन्यातल्या नोकरीमुळे झालेल्या आजारासाठी व्हीएकडे, म्हणजे माजी सैनिकांच्या सरकारी खात्याकडे, केलेला मासिक भरपाईचा अर्ज; रेटिंग म्हणजे अपंगत्वाची टक्केवारी, जिच्यावर ती रक्कम ठरते. ऐकणारा फसतो, कारण व्हिएतनाम खरं असतं आणि पार्किन्सनही खरा असतो. मेख आहे ती 'करून देतो' या दोन शब्दांत.

या मंडळींचा मुख्य माल म्हणजे 'नेक्सस लेटर', अर्थात आजार सैन्यातल्या नोकरीमुळेच झाला असं सांगणारं डॉक्टरचं पत्र. त्यासाठी हजारो डॉलर मागतात. पण एजंट ऑरेंज, म्हणजे व्हिएतनाम युद्धात फवारलेलं तणनाशक, त्याच्याशी जोडलेल्या आजारांच्या यादीत पार्किन्सन २०१० पासून आहे. ९ जानेवारी १९६२ ते ७ मे १९७५ या काळात व्हिएतनाममध्ये सेवा झाली असेल, तर कारण सिद्ध करायचंच नसतं. कायदा ते गृहीत धरतो. २०२२ च्या पॅक्ट कायद्याने थायलंडचे तळ, ग्वाम वगैरे ठिकाणंही ठरावीक तारखांसह जोडली. नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅम्प लेज्यून तळावर १ ऑगस्ट १९५३ ते ३१ डिसेंबर १९८७ दरम्यान एकूण किमान ३० दिवस सेवा झालेल्यांनाही तिथल्या दूषित पाण्यामुळे हेच लागू होतं. म्हणजे लागतं काय? निदानाचा कागद, डीडी-२१४ हा डिस्चार्जचा दाखला आणि त्या ठिकाणी असल्याची नोंद. जे कायद्याने आधीच देऊन टाकलंय, तेच हे लोक विकतात.

आता करार. "वाढलेल्या मासिक रकमेच्या पाचपट", कुठे सहापट. ऐकायला किरकोळ वाटतं. २०२५ च्या दराने ७० टक्के रेटिंग असलेल्या, कुणी अवलंबून नसलेल्या माजी सैनिकाला महिन्याला १,७५९.१९ डॉलर मिळत. शून्यावरून तिथे पोचलं तर पाचपट म्हणजे ८,७९५.९५ डॉलर. आणि मुळात पहिल्या क्लेमसाठी फी घ्यायला कायद्याने कुणालाच परवानगी नाही, मान्यताप्राप्त वकिलालाही नाही. पहिला निर्णय आल्यावर फेरविचारासाठी मान्यताप्राप्त वकील किंवा एजंट फी घेऊ शकतो. थकबाकीच्या, म्हणजे मागच्या महिन्यांच्या एकरकमी मिळणाऱ्या भरपाईच्या, २० टक्क्यांपर्यंतची फी वाजवी समजली जाते, ३३⅓ टक्क्यांच्या वर गेली की गैरवाजवी. यातून वाट काढायला या कंपन्या स्वतःला 'सल्लागार' किंवा 'कोच' म्हणवतात. क्लेमचा अर्ज, म्हणजे फॉर्म २१-५२६ईझेड, त्या भरतात, पण सही तुमची. कागदोपत्री कंपनी कुठेच नाही.

सहीवरून आठवलं. पार्किन्सनमध्ये अक्षर बारीक होत जातं. नावाचं पहिलं अक्षर ठसठशीत येतं आणि शेवटची मुंगीएवढी. टॅबलेटवर बोटाने सही करायला सांगतात तेव्हा माणसाचं सगळं लक्ष ते बोट स्थिर ठेवण्यात असतं. वरची चौदा पानं कोण वाचणार? त्याच पानांत सोशल सिक्युरिटी नंबर आणि व्हीएच्या खात्याचा पासवर्ड मागितलेला असतो. रेटिंग वाढलं की तुमच्याआधी त्यांना कळतं आणि बिल दारात.

पैशाहून मोठं नुकसान तारखेचं होतं. 'इंटेंट टू फाइल', म्हणजे फॉर्म २१-०९६६, भरला की ती तारीख एक वर्ष राखली जाते आणि थकबाकी सहसा तिथपासून मोजतात. 'पुरावे जमवतोय' म्हणत कंपनीने हा फॉर्म न भरता सहा महिने काढले, तर त्या सहा महिन्यांवर बहुधा पाणी सोडावं लागतं.

रेटिंगचंही तसंच. पार्किन्सनला किमान ३० टक्के ठरलेले आहेत, पण ती तळाची पायरी आहे. प्रत्येक हातापायाचा कंप आणि ताठरपणा, गिळणं, बोलणं, नैराश्य, बद्धकोष्ठता यांचं वेगवेगळं मोजमाप होतं. वास पूर्ण गेला असेल तर त्याचे १० टक्के. घाईत 'पार्किन्सन' एवढंच लिहून पाठवलं की माणूस तिसावर अडकू शकतो. व्हीएच्या तपासणीला जाताना लेव्होडोपा या पार्किन्सनच्या औषधाची गोळी नुकतीच लागू पडली असेल तर हात शांत दिसतो आणि अहवालातही तसंच उतरतं. गोळीचा असर कधी ओसरतो, तेव्हा शर्टाचं बटण लावायला किती मिनिटं लागतात, हे दोन आठवडे वेळेसकट लिहून तो कागद क्लेमला जोडा.

हे सगळं फुकट करून देणारी माणसं आहेत: डीएव्ही, अमेरिकन लीजन, व्हीएफडब्ल्यू या माजी सैनिकांच्या संघटनांचे मान्यताप्राप्त प्रतिनिधी, बऱ्याच ठिकाणी काउंटीचा व्हेटरन्स अधिकारीही. समोरच्याचं नाव व्हीएच्या जनरल कौन्सेल कार्यालयाच्या, म्हणजे त्याच्या कायदा विभागाच्या, मान्यता यादीत शोधा. तिथे नसेल तर फोन ठेवा.

सही होऊन गेली असेल तर आधी खात्याचा पासवर्ड बदला आणि पैसे जमा होण्याचा बँक खाते क्रमांक तपासा. मग फॉर्म २१-२२ भरून प्रतिनिधी नेमा. कराराची प्रत, ईमेल, बिल सगळं जपून ठेवा आणि जनरल कौन्सेल कार्यालय व राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे तक्रार करा. वसुलीचे फोन येतील, कोर्टाची भाषा होईल. करार वकिलाला दाखवल्याशिवाय एकही हप्ता भरू नका. सुरुवातीच्या क्लेमसाठी फी मागणारं कलम कोणत्या पानावर आहे, तेवढं खूण करून न्या.