सिटीलिंक बस : नवख्याला नाशिकमध्ये कितपत उपयोगी?

नाशिक रोड स्टेशनावर उतरलात म्हणजे नाशिक आले असे समजू नका. जुने शहर तिथून नऊ-दहा किलोमीटर पुढे आहे आणि बाहेरगावच्या माणसाची पहिली गडबड इथेच होते. स्टेशनाबाहेर रिक्षावाले घेरतात, मीटरचा विषय या शहरात कोणी काढत नाही आणि 'स्पेशल'चा, म्हणजे अख्ख्या रिक्षाचा, जो भाव सांगतात तोच खरा असे वाटून माणूस बसतो. प्रत्यक्षात सिटी बस स्टेशनाच्या दारातूनच सुटते.

महापालिकेची सिटीलिंक ८ जुलै २०२१ला सुरू झाली. त्याआधी शहर बस एसटी चालवायची. सुरुवातीचा आराखडा २५० बसचा होता, त्यातल्या २०० सीएनजीवरच्या. बस ठेकेदारांच्या, त्यांना किलोमीटरमागे पैसे, आणि तिकिटाचे उत्पन्न महापालिकेच्या परिवहन महामंडळाकडे. वाहकही ठेकेदारामार्फत येतात. पगार थकले की काम बंद होते, आणि हे आजवर एकाहून अधिक वेळा झाले आहे. म्हणून परीक्षेला किंवा गाडी पकडायला निघताना आदल्या संध्याकाळी स्थानिक बातम्यांवर नजर टाकलेली बरी.

आता मुख्य मुद्दा. नाशिकचा नकाशा तोंडपाठ करायची गरज नाही. बिटको, द्वारका, सीबीएस आणि निमाणी, ही चार ठिकाणे कळली की निम्मे काम झाले. स्टेशनाचा रस्ता पुणे रोडला मिळतो तो बिटको चौकात. तिथून दत्त मंदिर, उपनगर करत बस द्वारकेला येते. सीबीएस म्हणजे जुने मध्यवर्ती बसस्थानक, कोर्टाजवळचे. निमाणी पंचवटीतले, गोदावरीच्या पलीकडले. बहुतेक मार्ग यांपैकी एखाद्या ठिकाणाला शिवून जातात. थेट बस मिळत नसेल तर सीबीएसला किंवा निमाणीला बदलायची.

त्यामुळे पाटीवर शेवटचा थांबा वाचून लगेच चढू नये, 'वाया' काय लिहिले आहे ते पाहावे. नाशिक रोडहून निमाणीला द्वारकेवरूनही बस जाते आणि जेल रोड, नांदूर नाक्यावरूनही. शेवट एकच, पण जुन्या शहरातल्या शालिमारला उतरणारा माणूस जेल रोडच्या बसमध्ये बसला तर शहराला वळसा घालून पंचवटीत पोचतो. चढताना वाहकाला फक्त 'शालिमार जाणार ना?' एवढे विचारा. 'नाशिक जाणार का' या प्रश्नाला उत्तर 'हो'च येणार.

द्वारका हा चौक नवख्याला सगळ्यात अवघड. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रोड इथे एकमेकांना छेदतात, डोक्यावरून उड्डाणपूल जातो आणि खाली चारही बाजूंनी रिक्षा, बस, ट्रॅव्हल्स. नाशिक रोडकडून आलात तर समोरचा रस्ता सारडा सर्कलवरून शहरात जातो, डावीकडचा मुंबई नाक्याकडे, उजवीकडचा अमृतधाम-आडगावकडे. थांबा दिशेप्रमाणे बदलतो, त्यामुळे उतरलात त्याच जागी पुढची बस येईल या आशेवर उभे राहू नका. समोरून बस निघून जाते आणि चौक ओलांडेपर्यंत ती सिग्नलच्या पलीकडे गेलेली असते. जमेल तर बस बदलायला द्वारका टाळून सीबीएस गाठावे.

नावांचीही एक गंमत आहे. सिन्नर फाटा नाशिक रोडलाच आहे. सिन्नर गाव तिथून पुष्कळ लांब. पाथर्डी फाटा महामार्गावर, पाथर्डी गाव आत. पांडवलेणीला जायचे तर फाट्याला उतरायचे. पंचवटीतल्या मालेगाव स्टँडवर मालेगावची एसटी शोधत बसू नये. रामकुंडाकडे उतरायला मात्र ती जागा सोयीची. रविवार कारंजावर उतरून होळकर पूल चालत ओलांडला की मालेगाव स्टँड, तिथून खाली रामकुंड. काळारामाला जायचे तर पुढे पंचवटी कारंजावर उतरा. बुधवारी गोदाघाटावर बाजार भरतो, त्या दिवशी या पट्ट्यात बसपेक्षा पाय लवकर पोचतात.

एसटीची स्थानकेही एकाहून अधिक आहेत, हे सिटी बसने बाहेरगावची गाडी गाठणाऱ्याने आधी लक्षात घ्यावे. ठक्कर बाजार म्हणजे नवे सीबीएस. जुने सीबीएस, मेळा आणि ठक्कर बाजार एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. मुंबईसाठी महामार्ग स्थानक, ते मुंबई नाक्याला; सीबीएसहून बॅग घेऊन तिथे चालत जायचा विचार करू नये.

सिटीलिंकचे ॲप कामाचे आहे. बस कुठे आहे ते नकाशावर दिसते, तिकीटही निघते. पण 'सात मिनिटांत' असे दाखवले तर ती सात मिनिटे कॉलेज रोडच्या संध्याकाळच्या गर्दीतली नाहीत हे धरून चाला. बसमध्ये थांब्याच्या घोषणेवरही विसंबू नये, वाहकाला आधी सांगून ठेवावे. सुट्टे पैसे जवळ असू द्या. छोट्या तिकिटाला पाचशेची नोट काढली की अख्खी बस तुमच्याकडे पाहते.

बस नसेल तिथे शेअर रिक्षा. बसण्याआधी 'सीट की स्पेशल?' हे स्पष्ट करून घ्या, नाहीतर उतरताना वाद ठरलेला. रात्री दहानंतर बस मिळेलच असे धरू नका. उशिराच्या रेल्वेने येणाऱ्याने रिक्षाचे भाडे हिशेबात ठेवावे. नाशिकच्या मेट्रो निओसाठी, म्हणजे रबरी टायरवर धावणाऱ्या मेट्रोसाठी, २०२१च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २,०९२ कोटी जाहीर झाले होते. नाशिककर तो आकडा विसरले नाहीत, वाट पाहणे तेवढे सोडले.

एकूण पाचपैकी साडेतीन गुण. कमी केलेला दीड गुण द्वारकेचा, रात्रीचा आणि काम बंदचा.

त्र्यंबकेश्वरला, साधारण २८ किलोमीटर, सिटीलिंकही जाते आणि एसटीही. तिकीट काढण्याआधी एक हिशेब करा. एसटीत महिलांना मार्च २०२३पासून अर्धे तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत. एसटीच्या या सवलती सिटीलिंकमध्ये चालत नाहीत. घरातल्या आजी, काकू बरोबर असतील तर एसटीच पाहावी. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी खासगी गाड्या अलीकडेच थांबवतात आणि जादा बस सोडतात, त्या दिवशी जी आधी लागेल तीत चढा.