मॅलमची पाऊलवाट: प्रदक्षिणा सुलटीच बरी

उत्तर इंग्लंडमधील यॉर्कशायर डेल्स राष्ट्रीय उद्यानात मॅलम नावाचे एक छोटे गाव आहे. तेथून निघून जॅनेट्स फॉस हा धबधबा, गॉर्डेल स्कार ही घळ आणि मॅलम कोव्ह हा कडा पाहत पुन्हा त्याच गावात आणून सोडणारी साधारण आठ किलोमीटरांची वर्तुळाकार पाऊलवाट ‘निवांत’ आणि ‘कुटुंबासह करण्याजोगी’ म्हणून सुचवली जाते. गेल्या मे महिन्यात सदुसष्ट वर्षांच्या आईला घेऊन मी ती चालले. वाट अप्रतिम आहे, हे आधीच सांगते. मात्र ‘निवांत’ हे विशेषण तिच्या निम्म्याच भागाला शोभते, आणि तो निम्मा भाग आपल्या वाट्याला केव्हा यावा हे आपण कोणत्या दिशेने चालतो यावर ठरते.

लीड्सहून रेल्वेने स्किप्टन आणि तेथून बस असा आमचा प्रवास होता. बसच्या फेऱ्या मोजक्याच असल्यामुळे परतीची वेळ आधी पाहून मगच निघावे. गावातील राष्ट्रीय उद्यानाच्या माहिती केंद्रापाशी वाहनतळ आणि स्वच्छतागृह आहे. पुढे रानात ती सोय नाही, हे ज्येष्ठांसोबत जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. वाट चालायला शुल्क लागत नाही. ती बहुतांशी शेतकऱ्यांच्या कुरणांतून जाते, पण पिवळ्या बाणाने दाखवलेल्या अशा वाटेवरून पायी जाण्याचा हक्क सर्वांना असतो आणि जमिनीच्या मालकाला तो नाकारता येत नाही. १९४९ च्या कायद्याने अशा वाटांची अधिकृत नकाशांत नोंद करणे स्थानिक प्रशासनांवर बंधनकारक केले. ‘असे कोणाच्याही शेतात शिरायचे?’ म्हणून आई पहिल्या फाटकाशी थबकली होती. तिसऱ्या फाटकापर्यंत ती स्वतःच कडी लावून घेऊ लागली.

आम्ही प्रचलित सल्ल्याप्रमाणे आधी जॅनेट्स फॉसकडे, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने निघालो. ‘अगं, ही तर उलटी प्रदक्षिणा झाली,’ असे आईने नकाशा पाहताच म्हटले होते आणि मी ते हसण्यावारी नेले होते. गावाबाहेर पडताच दोन्ही बाजूंना कोकणातल्या गडग्यांसारखे, चुन्यामातीशिवाय नुसते दगडावर दगड रचलेले बांध लागतात. तेथपासून धबधब्यापर्यंतचा दीड-दोन किलोमीटरांचा टप्पा जवळजवळ सपाट आहे. ओढ्याकाठच्या राईत मे महिन्यात रानलसूण फुललेला असतो. पांढरी फुले दिसण्याआधीच त्याचा उग्र वास येतो आणि मराठी माणसाला भूक लागते. वाटेत आडव्या पडलेल्या ओंडक्यांत लोकांनी शेकडो नाणी ठोकून बसवली आहेत. धबधबा दोन पुरुष उंचीचाही नसेल, पण शेवाळलेल्या दगडावरून पंख्यासारखा पसरून खालच्या हिरवट डोहात पडतो. लोककथेतील जॅनेट ही पऱ्यांची राणी, आणि तिचे घर याच धबधब्यामागे.

गॉर्डेल स्कारविषयी थोडक्यात सांगते, कारण ती शब्दांत नीट मावत नाही. शंभर मीटरांहून उंच, पुढे झुकलेल्या दोन भिंतींमधील ही घळ जेम्स वॉर्ड या चित्रकाराने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तीन मीटरांहून उंच आणि चार मीटरांहून रुंद कापडावर रंगवली; ते चित्र लंडनच्या टेट संग्रहालयाकडे आहे. आतील धबधब्याच्या बाजूने वर चढणारे लोक दिसतात. तो मोह टाळून आल्या वाटेने, वाटेत लागलेल्या पुलापर्यंत मागे यावे.

तेथून कुरणांचा चढ चढून कोव्हच्या माथ्यावर पोहोचलो, आणि खरी परीक्षा तेथे सुरू झाली. माथ्यावर चुनखडीची विस्तीर्ण फरसबंदी आहे. हिमयुगातील बर्फाने माती खरवडून नेली आणि नंतर पावसाच्या किंचित आम्लधर्मी पाण्याने खडकातील सांधे विरघळवत नेले, त्यामुळे दुष्काळी शेतासारख्या भेगा पडल्या आहेत. फरक इतकाच की या भेगांत अख्खा पाय जाऊ शकतो. वाकून पाहिले तर आत ओलसर सावलीत नेचे वाढलेले दिसतात. वरचा दगड असंख्य बुटांनी गुळगुळीत केला आहे आणि पावसात तो विलक्षण निसरडा होतो. ती फरशी ओलांडून झाल्यावर लागतात सुमारे चारशे दगडी पायऱ्या, आणि आमच्या दिशेने त्या उतरायच्या होत्या. चढण्याने दम लागतो, उतरण्याने गुडघे जातात. आईला तेवढ्यासाठी पाऊण तास लागला आणि त्या वेळात ती माझ्याशी एक अक्षरही बोलली नाही.

पायथ्याशी आल्यावर मात्र ती बोलली. सुमारे ८० मीटर उंचीची ती करडी-पांढरी, अंतर्वक्र भिंत पाहून तिला हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा आठवला. कोकणकडा कितीतरी मोठा आणि काळ्या पाषाणाचा, तरी वळणाचे साम्य खरे आहे. हिमयुगाच्या अखेरीस येथून बर्फ वितळल्याचा प्रचंड प्रपात कोसळत असे. आता वरचे पाणी चुनखडीत मुरते आणि पायथ्याशी निमूट ओढा बाहेर पडतो. डिसेंबर २०१५ मधील अतिवृष्टीत मात्र कड्यावरून काही काळ पुन्हा धबधबा वाहिला होता. या कड्यावर बहिरी ससाणे घरटी करतात, म्हणून दुर्बीण जरूर न्यावी.

गावात परतलो तेव्हा साडेतीन वाजले होते आणि ज्या पबमध्ये शिरलो तेथील स्वयंपाकघर नुकतेच बंद झाले होते. बटाट्याच्या कापांची दोन पाकिटे मिळाली. पुढच्या वेळी घरून थेपले न्यायचे ठरले.

नकाशाबाबत एक सूचना: ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा एक्सप्लोरर मालिकेतील ओएल २ हा कागदी नकाशा घ्यावा. त्यात एक किलोमीटर म्हणजे चार सेंटिमीटर असल्यामुळे प्रत्येक बांध दिसतो, आणि मोबाइलची रेंज गेली तरी बांध मोजत वाट सापडते.

पंधरा दिवसांनी आम्ही हीच वाट आईच्या आग्रहाने सुलट्या दिशेने चाललो. पायऱ्या ताज्या पायांनी सकाळीच चढून झाल्या, कुरणांचा उतार गवतावरून झाला आणि सपाट टप्पा थकल्यावर वाट्याला आला. कडा समोरून आधीच दिसल्यामुळे माथ्यावरचा अचंबा थोडा कमी होतो, हे मान्य करायला हवे. तरुणांनी त्यासाठी उलट दिशा खुशाल निवडावी. आम्हाला शेवटी जॅनेट्स फॉसपाशी तासभर बसायला मिळाले, आणि मी बसची वेळ दोनदा सांगूनही आई डोहातून पाय बाहेर काढायला तयार नव्हती.