बोर्ड गेमची कस्टम ड्युटी आणि माझे गेलेले ३५,०१० रुपये

लिहायची लाज वाटतेय, कारण मी स्वतः जीएसटीचं काम करतो. बडोद्याला दांडिया बाजारात ऑफिस आहे, एकोणीस वर्षं लोकांच्या नोटिसांना उत्तरं लिहून देतोय आणि कस्टमच्या नावाखाली मलाच ३५,०१० रुपयांचा चुना लागला. पूर्ण आकडा घरात फक्त बायकोला माहितीये, आईला पाच हजार सांगितलेत.

झालं असं की मुलासाठी (खरं म्हणजे स्वतःसाठीच) जर्मनीहून एक बोर्ड गेम मागवला. शनिवारी रात्री आमच्याकडे पाच-सहा जण जमतात, सेव-उसळ आणि गेम, कोविडनंतर लागलेली सवय आहे. शिपिंग धरून १५१ युरो. पार्सल मुंबईला पोचल्याचं ट्रॅकिंगवर दिसलं आणि मी शहाण्याने त्याचा स्क्रीनशॉट गेमवाल्यांच्या एका ग्रुपवर टाकला, नंबरासकट. चारशे माणसं आहेत त्यात, मी ओळखतो जेमतेम दहा. ट्रॅकिंग नंबर कुठेही टाकू नका, आनंद झाला तरी.

दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअपवर "क्लिअरिंग एजंट" हजर. पार्सल नंबर बरोबर, माझं नाव बरोबर. म्हणे तुमची वस्तू खेळणं म्हणून ९५०३ मध्ये (कस्टमच्या टॅरिफमधला, म्हणजे ड्युटीच्या यादीतला, खेळण्यांचा कोड) टाकलीय, ७० टक्के ड्युटी, वर बीआयएसचं (आयएसआय मार्क देणारा भारतीय मानक ब्युरो) सर्टिफिकेट नाही म्हणून माल जप्त होणार.

आता लॉटरी लागली म्हणाला असता, पार्सलात ड्रग्ज सापडलेत म्हणाला असता, तर मी फोन आपटला असता. पण हा माणूस टॅरिफच्या भाषेत बोलत होता हो! आणि बोलत होता त्यातलं अर्धं खरं होतं. खेळण्यांवरची ड्युटी २०२० च्या बजेटात २० ची ६० झाली, २०२३ ला ७०, मला तोंडपाठ. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क लागतो, तेही. मग मी पेटलो. रात्री अकरापर्यंत त्याला मेसेज लिहीत बसलो की बाबा रे, ९५०३ म्हणजे बाहुल्या, तिचाकी सायकली, पझल्स, टेबलावर बसून खेळायचे गेम ९५०४ मध्ये येतात, आणि बीआयएसची ऑर्डर १४ वर्षांखालच्या पोरांच्या खेळण्यांसाठी आहे, ह्या डब्यावर १४ प्लस छापलंय, हा घे फोटो.

तो म्हणाला, "सर, आप तो हमसे भी ज्यादा जानते हो." बस्स. तिथेच मी गेलो.

पहिले ४,८५० "रिक्लासिफिकेशन"चे, म्हणजे ९५०३ ची ९५०४ करायचे, ते तर वाद जिंकल्याच्या खुशीत दिले. मग ११,४०० टेस्ट रिपोर्टमधून सूट मिळवायचे. मग १८,७६० डिपॉझिट, ९५०४ ची ऑर्डर निघाली की परत. तिन्ही दीड दिवसात.

दुसऱ्या वेळी क्यूआर स्कॅन केला तेव्हा स्क्रीनवर एका बाईचं नाव आलं. सरकारी खातं नाही, कंपनीचं नाही, बाईचं नाव. मी ते वाचलं. वाचलं, अंगठा दोन-तीन सेकंद थांबलासुद्धा, आणि मनात आलं की एजंटची बायको असेल, टॅक्स वाचवायला लोक घरच्यांच्या खात्यात पैसे घेतात, माझे निम्मे क्लायंट हेच करतात. म्हणजे चोराच्या वतीने खुलासा मीच तयार केला आणि पिन टाकला! ते नाव अजून झोपताना डोळ्यांपुढे येतं. ड्युटी कुणाच्या पर्सनल खात्यात जात नसते, हे मी किती जणांना सांगितलं असेल.

शेवटच्या पैशांनंतर "ऑर्डर" आली, अशोकस्तंभ, शिक्का, सही. ऑफिसातल्या पोराला कौतुकाने दाखवली तर तो म्हणतो, सर, ह्याच्यावर डीआयएन (पत्राचा ओळख नंबर) कुठाय? नोव्हेंबर २०१९ पासून सीबीआयसीच्या (कस्टम आणि जीएसटीचं केंद्रीय मंडळ) पत्रावर तो नंबर लागतो, त्यांच्या साइटवर टाकला की पत्र खरं की खोटं कळतं. त्या पोराला हे मीच शिकवलंय.

बायकोचा मावसभाऊ मुंबईत क्लिअरिंगचं काम करतो, शेवटी त्याला फोन केला (आधी केला नाही कारण त्याच्यापुढे मला हुशार राहायचं होतं). तो हसला नाही हे उपकार. म्हणाला, भावोजी, घरच्या वापराची वस्तू कुरियरने आली की ती ९८०४ मध्ये जाते, खेळणं असो का गेम. टॅरिफचं पुस्तक माझ्या कपाटात आहे. चॅप्टर ९८ ची पहिलीच नोट आहे की दुसरीकडे नेमकं हेडिंग असलं तरी अटी बसल्या तर वस्तू इथेच घ्यायची. म्हणजे ज्याच्यावर मी अकरापर्यंत भांडलो तो प्रश्नच नव्हता! मी ९५ च्या पुढे पान उलटलंच नाही.

लाजेपायी दोन दिवस गप्प बसलो, तिसऱ्या दिवशी १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला. तुम्ही असं करू नका, तासाभरात करा, पैसा तेवढ्यातच पुढच्या खात्यात सरकतो. मग सुरू झाली खरी वरात. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकलात, फसवून टाकायला लावला तरी ते तुमचंच ट्रान्झॅक्शन, ग्राहकाच्या परवानगीशिवाय गेलेल्या पैशांबद्दलचा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम तुम्हाला लागू नाही. पोलीस चौकीत साहेब चहा पीत म्हणाले, "भणेला-गणेला थईने?" (शिकलेसवरलेले असून?) आणि प्रकरण कस्टमचं आहे, तिकडे जा. कस्टमच्या एका ऑफिसात गेलो तर ते म्हणे आमच्या नावाने झालंय, आम्ही केलेलं नाही, पोलिसांकडे जा. परत पोलीस. चौथ्या खेपेला अर्ज घेतला, तिसरी खेप वाया गेली, आणि का तर माझ्या प्रिंटआउटला स्टेपल नव्हतं म्हणून! समोरच्या खात्यात २,३१२ रुपये अडकवून ठेवलेत, ते सोडवायला कोर्टाची ऑर्डर आणा म्हणाले. वकिलाची फी त्याहून जास्त होईल.

आणि हो, "गिफ्ट लिहायला सांगायचं होतंस" म्हणणाऱ्यांना, गिफ्टवरच्या ड्युटीची ती ५,००० पर्यंतची सूट डिसेंबर २०१९ मध्येच गेली.

खरं पार्सल नऊ दिवसांनी आलं. कुरियर कंपनीच्या मेलवरून केवायसी मागितली, ड्युटी त्यांच्याच साइटवर भरली, पावतीवर बिल ऑफ एंट्रीचा (कस्टमकडे भरलेल्या आयातीच्या कागदाचा) नंबर. एकदाही कुणी फोन केला नाही, कुणी मला हुशार म्हणालं नाही.

गेम अजून सीलबंद आहे. त्या एजंटचा नंबर आजही चालू आहे, काल बघितलं तर डीपीला गणपती लावलाय. तक्रारीत तो नंबर तीन ठिकाणी लिहून दिलाय मी.