"धुवायची गरजच नाही" म्हणून माझ्या गळ्यात मारलेला पाईप

लातूरकर आहे, त्यामुळं पाण्याचं मोल कुणी शिकवायची गरज नाही, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा आम्ही पण रांगेत कळशा घेऊन होतो. तरी फिशटँकचा नाद सुटला नाही. अडीच फुटी टाकी, शंभरेक लिटरची, मॉली आणि दोन एंजल, आणि पोरीची वेगळी छोटी बरणी, तिच्यात एक निळा फायटर मासा. टाकीतलं काढलेलं पाणी तुळशीला न् कढीपत्त्याला जातं म्हणून आई पण काही बोलत नाही.

टाकीतलं पाणी काढायचा जुना पाईप कडक झाला म्हणून दुकानात गेलो. दुकानदार म्हणला भाऊ हा घ्या, सिलिकॉन आहे, आतून अँटी बॅक्टेरिया कोटिंग, धुवायचं नाही वाळवायचं नाही, वापरा अन् गुंडाळून ठेवा. दहा फुटाचे साडेआठशे. मी म्हणलं लई होतंय, तर म्हणे मग साधा घ्या आणि बसा घासत. आळशी माणसाला अजून काय पाहिजे, दिले पैसे. घरी येऊन पाईप उलटा केला तर आतून चमचाभर पाणी पडलं. नव्या पाईपात पाणी कुठून आलं हे तेव्हाच डोक्यात यायला पाहिजे होतं, पण मला वाटलं दुकानात धुतला असंल.

आठवड्यात मॉलीच्या शेपटीवर मिठाचे दाणे चिकटल्यासारखे पांढरे ठिपके. व्हाइट स्पॉट, बारीक किड्यानं होणारा माशांचा रोग. मग मी शहाण्यासारखं रोज तळाचा गाळ काढायला लागलो, आणि कशानं, त्याच पाईपानं, आणि तोच ओला पाईप लगेच फायटरच्या बरणीत! त्या किड्याचं असं आहे की ठिपका पिकून खाली पडतो, ओल्या जागी चिकटतो, फुटून शेकडो पिल्लं सोडतो आणि ती मासा शोधत फिरतात. मासा मिळाला नाही तर दोनेक दिवसात मरतात, कोरडं पडलं तर त्याच्याही आधी. मी पाईप कोरडा पडूच देत नव्हतो.

परत दुकानात गेलो तर माझ्याच हातात साडेतीनशेची बाटली दिली, पाईप क्लीनर म्हणून. जांभळं पाणी. ओतलं तर थोड्या वेळात तपकिरी झालं. आईनं बघितलं आणि म्हणली, अरे हे तर विहिरीत टाकायचे जांभळे खडे आहेत की. पोटॅशियम परमँगनेट, मेडिकलवर चिल्लरमध्ये मिळतं.

मग राग आला आणि पाईप ब्लेडनं उभा चिरला. आत कसलं कोटिंग नाही, तापात जिभेवर येतो तसा पांढरट बुळबुळीत थर, बोट लावलं तर नाकाला गटारीचा वास. तांब्याची तार गॅसवर लाल करून पाईपाच्या तुकड्याला टेकवली आणि परत ज्योतीत धरली, ज्योत हिरवी झाली. म्हणजे पीव्हीसी, सिलिकॉन कसलं. (हे करायचं तर खिडकी उघडून, धूर वाईट असतो. सिलिकॉन जळालं की पांढरी राख राहते.)

आता साधा पाईप आणलाय. पाणी बदललं की आतून नळाचं पाणी सोडतो, मधोमध धरून गच्चीवरच्या सावलीतल्या दोरीवर टाकतो, दोन्ही टोकं खाली, म्हणजे आत थेंब अडकत नाही. गुंडाळून बादलीत ठेवला की खालच्या वेटोळ्यात पाणी साचलंच म्हणून समजा. कडक उन्हात टाकला तर लवकर कडक होतो, मागचा तसाच गेला. मासे आजारी असतील तर बिनवासाचं ब्लीच एक भाग आणि पाणी वीस भाग, पाईपात पंधरा मिनिटं भरून ठेवायचं, मग भरपूर धुऊन पूर्ण वाळवायचं. क्षारासाठी व्हिनेगर वापरतात पण ब्लीचसोबत अजिबात नको, विषारी गॅस होतो. फायटरचा पाईप आता वेगळा, त्याला पोरीनं लाल रिबिन बांधलीय. तिचा निळा फायटर मात्र गेला, नवीन आणलाय तो पण निळाच पाहिजे म्हणली.

चिरलेला पाईप घेऊन दुकानात गेलो. दुकानदारानं बिल मागितलं, बिल मी घेतलंच नव्हतं. तो तेव्हा ठिपकेवाल्या माशांच्या टाकीतून पाणी काढत होता, हातात अगदी माझ्यासारखाच पाईप. मी म्हणलं हेच विकता का, तर जरा हसला आणि म्हणला भाऊ पैसे तर नाही जमणार, दोन मॉली घेऊन जा, फुकट. त्याच टाकीतल्या.